मुहूर्त आणि मंत्र

आपण मराठी माणसे तारखेला फार मानतो. एखाद्या घरी लग्न ठरल्याचे कळले की सून कशी आहे, जावई काय करतो, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न असतो, 'तारीख कोणती धरली?' पूर्वी त्या उत्तरासाठी जोशीबुवांच्या पंचांगाची वाट पाहावी लागे. १९७३ साली जयंतराव साळगांवकरांनी 'कालनिर्णय' काढले आणि मुहूर्तांची ती सारी विद्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरील एका खिळ्याला येऊन टांगली. दूधवाल्याचे खाडे आणि मुंजीचे मुहूर्त एकाच पानावर नांदू लागले. अशा समाजात वाढलेल्या माणसाला, ज्याचा संस्कार व्हावयाचा त्यालाच त्याची तारीख सांगावयाची नाही, असा शिष्टाचार जगात कोठे असेल हे सांगूनही खरे वाटणार नाही. परंतु तो आहे. आणि गेल्या वर्षी समुद्र ओलांडून तो आमच्या देवनारच्या घरात, दर रविवारी सकाळी, फोनच्या पडद्यावरून प्रवेश करू लागला.

अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची मंडळे असतात. मुलग्यांच्या मंडळास फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या मंडळास सोरोरिटी. या कुळाचा मूळपुरुष व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ५ डिसेंबर १७७६ रोजी स्थापन झालेला 'फाय बीटा कॅपा'. तो पुढे विद्वत्तेचा मान देणारी संस्था होऊन बसला. पण ग्रीक अक्षरे, शपथ, खुणेची मूठ आणि गुपित ही त्याची बाह्यांगे नंतरच्या शेकडो मंडळांनी उचलली. मंडळाने निवडलेली मुलगी प्रथम काही आठवडे उमेदवार असते. त्यांच्या भाषेत तिला 'प्लेज', म्हणजे वचनबद्ध, असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्या मुदतीच्या अखेरीस दीक्षाविधी होतो आणि ती 'भगिनी' बनते. हा विधी कसा असतो ते बाहेरच्यास सांगावयाचे नसते, येथवर आपणास नवल वाटू नये. पण कित्येक मंडळांत तो केव्हा होणार हेही उमेदवार मुलीला सांगत नाहीत. अमुक संध्याकाळी मोकळ्या ठेव, पांढरा पोशाख तयार ठेव, बोलावणे येईल तेव्हा ये, एवढाच निरोप असतो.

आमच्या थोरल्या बंधूंची नात अशाच एका मंडळाची उमेदवार झाली. तिची आजी, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, बंधूंच्या मागे आमच्याकडेच असतात. सत्तरी ओलांडलेल्या वहिनींना नातीचा 'काहीतरी मुंजीसारखा' समारंभ आहे एवढे उमगले आणि त्यांनी तत्काळ तारीख विचारली. त्या दिवशी देवापुढे दिवा लावावा, गोडाचे काहीतरी करावे, एवढाच त्यांचा बेत. नात म्हणाली, "आजी, मलाच माहीत नाही!" आणि हसली. दोन रविवारांनंतर मात्र ते हसू थोडे थकलेले दिसले. तिला पंधरवड्यातल्या तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवावयास सांगितले होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती संध्याकाळी काम करते. त्या कामाच्या पैशांवर तिची पुस्तके आणि वरखर्च चालतो. पहिल्या संध्याकाळी तिने कामावर रजा मागितली, पांढरे कपडे घालून खोलीत बसून राहिली. कोणी बोलावले नाही. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची परीक्षा होती.

या प्रघाताच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मुळीच नाही. नातीनेच मोठ्या निष्ठेने ती बाजू आमच्यापुढे मांडली. तारीख कळली की मुली जुन्या सभासदांना प्रश्न विचारून भंडावतात, विधीची जणू परीक्षेसारखी तयारी करतात. अनपेक्षितपणे बोलावणे आले की मन कोरे असते, आणि कोऱ्या मनावर संस्कार खोल उमटतो. शिवाय सगळ्या उमेदवार एकत्र वाट पाहतात, त्या वाट पाहण्यातूनच त्यांची मैत्री जुळते. मला हे सारे समजण्यासारखे वाटते. तीस वर्षांपूर्वीचा एखादा विद्यार्थी न कळवता दारात उभा राहतो, तेव्हाचा आनंद त्याने आठ दिवस आधी फोन केला असता तर निम्मा झाला असता, याचा मला अनुभव आहे. आयुष्यातून अकस्मात हा शब्द काढून टाकावा असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

तेव्हा प्रश्न अनिश्चितता चांगली की वाईट असा नाही. तो कसा आहे, हे मला आमच्या देवनारने शिकविले. देवनार म्हटले की मुंबईकरास प्रथम १९२७ पासूनचा कचऱ्याचा डोंगर आठवतो आणि त्यानंतर १९७१ साली सुरू झालेला पालिकेचा कत्तलखाना. बकरी ईदपूर्वी या कत्तलखान्याच्या आवारात बकऱ्यांचा प्रचंड बाजार भरतो. राजस्थान, मध्यप्रदेश, गुजरात येथून मालमोटारी भरभरून येतात आणि आमच्या रस्त्यांवर काही दिवस पाऊल टाकावयास जागा राहत नाही. ही ईद चंद्रावर अवलंबून. पण जिल्हेज महिन्याचा चंद्र दिसल्यापासून दहाव्या दिवशी ती येते, त्यामुळे मोसमाचा व्यापारी असो की बकरा घेणारा गरीब कारागीर असो, प्रत्येकाच्या हाती निश्चित असे काही दिवस येतात. रमजानची ईद मात्र तशी नाही. रोजे एकोणतीस व्हावयाचे की तीस, हे आदल्या संध्याकाळपर्यंत कोणीच सांगू शकत नाही. त्या संध्याकाळी गोवंडीच्या बाजूच्या गच्च्यांवर माणसे आकाशाकडे डोळे लावून उभी असतात, आणि चंद्र दिसला की शिंप्याच्या दुकानापासून शेवयांच्या गाडीपर्यंत एकच धांदल उडते. या अनिश्चिततेत केवढा आनंद आहे! पण तो का आहे? चंद्र कोणाच्या खिशात नसतो म्हणून. मौलवीला ठाऊक आहे आणि पोरास ठाऊक नाही, असे त्यात नाही. सारे एकाच आकाशाखाली सारखेच अज्ञानी असतात. पहिला पाऊस, बाळाचा जन्म, दारात उभा राहिलेला पाहुणा, यांचे माधुर्य याच जातीचे. जे कोणालाच ठाऊक नाही ते आपण मजेने सोसतो. जे दुसऱ्यास ठाऊक आहे, आपल्याविषयीचे आहे आणि तरी आपणापासून राखून ठेवले आहे, ते सोसणे ही निराळीच गोष्ट होय.

या निराळ्या गोष्टीची चव मी विद्यार्थिदशेत घेतली आहे. १९८५ च्या सुमारास पुण्यातील एका वसतिगृहात मी नवा होतो. नव्या मुलांची 'ओळख' एका रात्री होईल एवढे सांगण्यात आले होते. कोणत्या रात्री ते नाही. नऊ रात्री मी जागा राहिलो. व्हरांड्यात पावले वाजली की पुस्तकावरील अक्षरे हलू लागत. पावले पुढे गेली की हायसे वाटे, आणि लगेच वाटे की आजच एकदाचे होऊन गेले असते तर बरे झाले असते. दहाव्या रात्री दार वाजले. मला एक नाट्यगीत म्हणावयास लावले, माझ्या आवाजाची थट्टा झाली, चहा मिळाला आणि पाच मिनिटांत मी सुटलो. त्या पाच मिनिटांविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. त्या नऊ रात्री मात्र मला अद्याप मोजता येतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विजेचा सौम्य धक्का नक्की बसणार हे ठाऊक असलेल्यांपेक्षा, तो बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असलेल्यांच्या मनावर अधिक ताण पडतो, असे त्यात आढळले. ते वाचताना मला आमचा तो व्हरांडा आठवला.

आता आपल्याकडील खऱ्याखुऱ्या दीक्षांकडे पाहावे. मुंज हा काही घरांपुरताच संस्कार आहे हे मी जाणतो. पण त्याची रचना विचार करण्याजोगी आहे. मुहूर्त महिनामहिना आधी ठरतो, पत्रिका छापतात, आप्तेष्ट केळवणे करतात. बटूला न्हाव्याची भीती वाटते, ती वाटण्यासही त्याला पुरेसा अवधी मिळतो आणि ती घालविण्यास त्याच्या आईलाही मिळतो. मुंजीच्या सकाळी मातृभोजन होते. आईच्या ताटात जेवण्याची ही शेवटची वेळ, हे त्या दोघांनाही ठाऊक असते, आणि ठाऊक असते म्हणूनच त्या घासाला अर्थ येतो. इतका सारा उघडा कारभार झाल्यावर मग वस्त्राचा आडोसा करून बाप मुलाच्या कानात मंत्र सांगतो. गुपित राखले जाते ते तेवढेच, आणि तेवढे पुरते.

मुंबईतील फ्रीमेसन मंडळींची गोष्टही अशीच. १८४३ साली येथे 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही शाखा निघाली आणि माणकजी कर्सेटजी यांच्यासारख्या हिंदी गृहस्थांना त्या बंधुमंडळाचे दार उघडले. त्यांच्या खुणा, शब्द, विधी गुप्त. परंतु उमेदवारास आपल्या प्रवेशाचा दिवस ठाऊक असतो, तो कामधंद्याची व्यवस्था लावून, नीटनेटका पोशाख करून येतो. गुप्ततेविषयी जगभर प्रसिद्ध असलेल्या संस्थेसही तारीख लपविण्याची गरज भासलेली नाही.

आणि महाराष्ट्राच्या भूमीवर झालेली सर्वांत मोठी दीक्षा कोणती? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, नागपुरास डॉ. आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि मग लक्षावधी अनुयायांना स्वतः दिली. धर्मांतराचा निश्चय त्यांनी येवल्यास १९३५ साली जाहीर केला होता. म्हणजे विचारास एकवीस वर्षे दिली. दिवस व स्थळ ही दोन्ही आधी जाहीर झाली, म्हणून खेड्यापाड्यांतील मजुरांना गाडीभाड्याची तजवीज करता आली, भाकरी बांधून घेता आल्या, पांढरी वस्त्रे मिळवता आली. तेथे मुहूर्तही गुप्त नव्हता आणि प्रतिज्ञाही गुप्त नव्हत्या. बावीसच्या बावीस उघड्या मैदानावर उच्चारल्या गेल्या. त्यामुळे त्या दीक्षेचे गांभीर्य कमी झाले असे म्हणण्यास कोण धजेल? अकस्मातपणा नसेल तर संस्कार खोल उमटत नाही, हे म्हणणे नागपूरच्या त्या एका दिवसापुढे टिकत नाही.

एक अपवाद मी मानतो. १९०४ साली 'मित्रमेळ्या'तून 'अभिनव भारत' उदयास आली. तसल्या क्रांतिकारक संस्थांत शपथा गुपचूप होत आणि ते योग्यच होते. पण ती गुप्तता सरकारच्या हेरांपासून होती, शपथ घेणाऱ्या तरुणापासून नव्हे. बाहेरच्यांपासून एकत्र गुपित राखणे हे बंधुत्व आहे. आत येणाऱ्यापासूनच राखलेले गुपित ही केवळ एकाची दुसऱ्यावरची सत्ता आहे.

सत्तेचा हा धागा पकडला की मग अमेरिकेतील सोरोरिटी आणि आपल्याकडील रॅगिंग यांतील अंतर वाटते तेवढे मोठे राहत नाही. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि दोषी विद्यार्थ्यास पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेशबंदी अशी तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ साली आले. तेव्हापासून दरवर्षी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. अमेरिकेतही 'सिग्मा अल्फा एप्सिलॉन' या मोठ्या मंडळाने २०१४ साली उमेदवारीचा काळच रद्द केला आणि निमंत्रण स्वीकारल्यापासून शहाण्णव तासांच्या आत दीक्षा द्यावी असे ठरविले. डिसेंबर २०२४ मध्ये तर तेथे नवागतांच्या छळाविरुद्ध संघराज्याचा कायदाच झाला. शहाण्णव तासांचा तो नियम मला विशेष बोलका वाटतो. दुखावतो तो बहुधा विधी नसून त्याआधीचा लटकता काळ असतो, आणि त्या काळाची दोरी कोणाच्या तरी हातात असते, याची ती एका परीने कबुलीच आहे.

मग ज्यांनी हे सोसले तेच ते बंद का करीत नाहीत? अॅरन्सन आणि मिल्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली या प्रश्नाचे एक उत्तर दिले. त्यांनी ६३ विद्यार्थिनींना एका चर्चामंडळात घेण्याचे ठरविले. काहींना प्रवेशापूर्वी लाज वाटेल असा मजकूर परीक्षकासमोर मोठ्याने वाचावयास लावला. काहींना सौम्य कसोटी दिली. काहींना कसलीच दिली नाही. मग सर्वांना त्या मंडळातील मुद्दाम नीरस केलेली एक चर्चा ऐकवली. जिने अधिक सोसले होते तिला ती रटाळ चर्चा अधिक आवडली! सोसलेले व्यर्थ गेले असे मानणे मनाला पेलत नाही. म्हणून मन त्या सोसण्याला मोल चढविते, आणि पुढच्या वर्षी तेच मोल दुसऱ्याकडून वसूल करते. आमच्या वसतिगृहात दहाव्या रात्री दार वाजविणारी मुलेही आदल्या वर्षी अशीच जागत पडलेली असणार.

आमच्या नातीचा विधी अखेर तिसऱ्या संध्याकाळी झाला. दुसऱ्या दिवशीची परीक्षा तिने अपुऱ्या झोपेवर दिली आणि तिला नेहमीपेक्षा कमी गुण मिळाले, त्यात जगबुडी काही झाली नाही. रविवारी तिने छातीवरचे छोटेसे पदक पडद्याजवळ धरून दाखविले. तो समारंभ फार सुंदर होता असे ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते खरे असणार याविषयी मला शंका वाटली नाही. आत काय झाले हे वहिनींनी विचारले नाही. त्यांनी निराळेच काही सांगितले. इतक्या वर्षांत मीही ते प्रथमच ऐकत होतो.

"माझ्या लग्नाची तारीख," वहिनी म्हणाल्या, "मला कोणी सांगितलीच नाही. बैठक झाली, याद्या झाल्या, घरात सगळ्यांना ठाऊक. मुलीने विचारायची रीत नव्हती. मग एक दिवस छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा समोर ठेवून कोपऱ्यांना हळदकुंकू लावायला मला बसवलं. आठदहा पत्रिका झाल्यावर सहज नजर गेली, तेव्हा कळलं की एकवीस दिवस राहिलेत. लग्न चांगलंच झालं हो, भाऊजी. तुमच्या भावाबद्दल माझी तक्रार नाही. पण धाकट्या बहिणीला ठाऊक, गड्याला ठाऊक, आणि मला नाही, हे अजून बोचतं."

मग पडद्याकडे वळून त्यांनी नातीला विचारले, "पुढच्या वर्षी तारीख ठरवणाऱ्यांत तू असशील ना?"

"हो आजी, असेन."

"मंत्र तुझा तू ठेव. मुहूर्त तेवढा सांग त्या पोरींना."

नात क्षणभर गप्प राहिली. "एकटीच्या मतावर नसतं ते," ती म्हणाली, "पण बैठकीत बोलेन." तिने वचन दिले नाही याचा मला आदरच वाटला, सहज दिलेल्या होकारापेक्षा हे उत्तर जड होते.

वहिनींच्या दोन वाक्यांत मला या साऱ्या प्रश्नाचा निवाडा सापडतो. संस्थेला गुपित असावे. आतला शब्द, आतली खूण, आतले गाणे यांवाचून कोणतेही मंडळ घरासारखे वाटत नाही, आणि ते बाहेर फोडण्याचा आग्रह धरणारा माणूस मला रुक्ष वाटतो. पण मंत्र संस्थेचा असला तरी दिवस हा ज्याच्यावर संस्कार व्हावयाचा त्याचा असतो. त्या दिवसात त्याची परीक्षा असते, त्याची मजुरी असते, त्याच्या आजीने लावावयाचा दिवा असतो. तो दिवस राखून ठेवणारा त्याच्या आयुष्याचा एक तुकडा न विचारता उचलून घेत असतो. आणि ज्या मंडळास शंका असेल त्याने एक साधी कसोटी लावून पाहावी: तारीख सांगून टाकली तर आपल्या विधीतून काय वजा होते? थोडी गंमत वजा होत असेल, तर ती चहापानात भरून काढता येईल. विधीच उरत नसेल, तर मुळात तेथे भयाखेरीज काही नव्हते, असे समजावे.

आमच्या देवनारात, पुरव मार्गावर, टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून उभी आहे. जवळच लोकसंख्याशास्त्राची संस्था आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले ट्रंका घेऊन येथे उतरतात. येथे किंवा कोठेही, नव्या मुलांच्या स्वागताची जुन्यांना हौस असेल तर ती अवश्य असावी. फक्त वार, तारीख आणि वेळ लिहिलेला एक कागद फलकावर लावावा, आणि खाली लिहावे: 'ज्यांना त्या दिवशी अडचण असेल त्यांनी कळवावे, दिवस बदलू.' ही शेवटची ओळ लिहावयास जो ज्येष्ठ विद्यार्थी तयार होईल, त्याच्या हातून नवागतास कसलाही विधी घडला तरी मला चिंता वाटणार नाही.